फुकटच्या नकाशाचे बिल कोणी भरायचे?

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघे मित्र गेली तीन वर्षे पायी भटकंती करणाऱ्यांसाठी एक नकाशा-ॲप चालवत आहोत. त्यातला सगळा डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा आहे. ॲप मोफत आहे, जाहिराती नाहीत. आता दर महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास लोक ते उघडतात आणि सर्व्हरचे बिल आमच्या दोघांच्या पगारातून जाते. गेल्या वर्षी देणगीचे बटण ठेवले, त्यातून बिलाचा जेमतेम दहावा हिस्सा निघतो. वर्गणी ठेवू का, असे ॲपमध्येच विचारले, तेव्हा ‘डेटा लोकांनी फुकट गोळा केला आहे, मग तुम्ही पैसे कसले मागता?’ अशी उत्तरे आली. एक गुंतवणूकदार भेटला आहे. तो म्हणतो, ॲप मोफतच ठेवा, आधी दहा लाख लोक जोडा, पैशाचे नंतर पाहू. जाहिरातींचाही पर्याय समोर आहे. सोबत गेल्या महिन्याचे बिल जोडले आहे. आम्ही काय करावे? आणि एक छोटा प्रश्न : पैसे देणाऱ्यांसाठी नकाशाच्या कोपऱ्यातील श्रेयाची (डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे असे सांगणारी) ओळ काढून टाकली तर चालेल का?
— एक वाटाड्या

प्रिय वाटाड्या,

पत्रासोबत बिल जोडलेत, हे फार बरे झाले. निधीविषयी येणारी बहुतेक पत्रे तत्त्वांची चर्चा करतात, आणि तत्त्वांवर सल्ला देणे सोपे असले तरी त्याचा उपयोग फारसा होत नाही. तुमच्या बिलात चार ओळी आहेत : नकाशाच्या टाइल, ठिकाणांचा शोध, मार्ग काढून देणारी सेवा आणि ऑफलाइन नकाशांचे डाउनलोड. खुद्द डेटाची ओळ तिथे नाहीच, कारण तिची रक्कम शून्य आहे. तुमच्या वापरकर्त्यांना नेमकी ही न छापलेली ओळ तेवढी ठाऊक आहे. छापलेल्या चार ओळी त्यांनी कधी पाहिलेल्या नाहीत. ‘पैसे कसले मागता’ हा प्रश्न तिथून येतो, आणि त्यात लबाडी नाही.

पहिली ओळ निम्म्याहून अधिक बिल खाते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. तुम्ही तयार चित्रांच्या टाइल वापरता, म्हणजे २५६ पिक्सेल बाजूचे चौकोनी तुकडे. साधारण ३६० बाय ८०० पिक्सेलचा पडदा भरायला असे दहा-बारा तुकडे लागतात. बोटाने नकाशा थोडा सरकवला की कडेचे नवे तुकडे मागवावे लागतात, आणि दोन बोटांनी तो मोठा केला की प्रत्येक पातळीला सगळेच तुकडे नव्याने आणावे लागतात. उद्याची वाट डोंगराच्या कोणत्या अंगाने चढते हे पाहण्यासाठी एखाद्याने पाच-सहा पातळ्या आत जाऊन थोडे इकडेतिकडे फिरून पाहिले, तर सर्व्हरकडे शंभराच्या आसपास मागण्या गेलेल्या असतात, आणि तो माणूस अजून चालायला लागलेलाही नसतो. शोधाची ओळही अशीच आहे. तुमचे ॲप प्रत्येक अक्षर टाइप होताच शोध पाठवते, त्यामुळे आठ अक्षरांच्या नावासाठी आठ शोधांचे पैसे पडतात आणि त्यांतले सात वाया जातात.

ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वतःच्या सर्व्हरवरून हे सारे फुकट मिळवण्याचा मोह तुम्ही टाळलात, ही तुमच्या जमेची बाजू आहे. तो डेटा कोणालाही खुला आहे, पण ते सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतात, आणि त्यांचे नियम स्पष्ट आहेत : टाइल घाऊक उतरवून घ्यायच्या नाहीत; नोमिनाटिम या तिथल्या शोधसेवेला सेकंदाला एकापेक्षा अधिक मागण्या पाठवायच्या नाहीत, आणि अक्षरागणिक सुचवण्यांसाठी तर ती वापरायचीच नाही. मी माझ्या पहिल्या प्रकल्पात हे नियम न वाचताच दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान मांडले होते. एका शनिवारी सकाळी, म्हणजे लोक वाटेला लागतात नेमक्या त्या वेळी, त्या सर्व्हरने आम्हाला अडवले आणि आमचा नकाशा राखाडी झाला. चूक सर्वस्वी आमची होती.

तेव्हा पैसे कोणाकडून घ्यायचे हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा आणि आधी खर्चाचा आकार बदला. चित्रांच्या टाइल सोडून व्हेक्टर टाइलकडे, म्हणजे चित्राऐवजी रेषा-बिंदूंची माहिती देणाऱ्या तुकड्यांकडे वळा. त्यात नकाशा फोनवरच रेखाटला जातो आणि एकदा आणलेला तुकडा पुढच्या काही पातळ्यांनाही पुरतो. पीएमटाइल्ससारख्या स्वरूपात सगळ्या जगाचा पायाभूत नकाशा शंभर-सव्वाशे जीबीच्या एकाच फाइलमध्ये मावतो आणि ती फाइल साध्या साठवणीच्या जागेवरून पुरवता येते. त्यासाठी टाइल तयार करणारा सर्व्हर दिवसरात्र जागा ठेवावा लागत नाही. तुमचा वापरकर्ता तर अशा ठिकाणी चालतो जिथे नेटवर्क मिळत नाही. त्याने निघण्यापूर्वी आपला प्रदेश फोनवर उतरवून घेतला आणि नावांची यादीही त्याच्यासोबत उतरली, तर पुढे त्याने हजार वेळा नकाशा सरकवला किंवा शंभर नावे शोधली तरी तुम्हाला एक पैसाही खर्च येत नाही. हे सगळे केल्यावर तुमचे बिल निम्म्याच्या खाली यावे, असा माझा अंदाज आहे. उत्पन्नाची कोणतीही योजना तुम्हाला इतक्या लवकर इतका दिलासा देणार नाही.

आता गुंतवणूकदाराकडे वळतो. चाळीस हजारांचे दहा लाख करायचे म्हणजे पंचवीसपट वाढायचे. आजच्या रचनेत बिलही जवळजवळ पंचवीसपट होईल, आणि देणग्याही पंचवीसपट झाल्या तरी त्यातून बिलाचा दहावा हिस्साच निघेल. तोवर लोकांना सगळे फुकट वाटायचे, तेही त्याच्या पैशाने, म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार. हा व्यवहार काही काळ सुखाचा असतो, पण नंतर केव्हातरी तो ‘तुमच्याकडे असे काय आहे जे दुसऱ्याला उचलता येणार नाही?’ असे विचारेल, आणि खुल्या डेटावर उभ्या असलेल्या सेवेला हा प्रश्न इतर कोणापेक्षाही अधिक अडचणीचा असतो. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा २०१२ पासून ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स) या परवान्याखाली आहे. तो व्यापारी वापराला पूर्ण मुभा देतो. मात्र तुम्ही त्या डेटात भर घालून किंवा दुरुस्त्या करून नवा डेटासंच तयार केलात आणि तो लोकांसमोर वापरलात, तर तो त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. तुमच्या ॲपचा कोड, नकाशाची मांडणी आणि रंगसंगती, वेगळ्या ठेवलेल्या सहलींच्या नोंदी हे तुमचे आहे. दुरुस्त केलेल्या वाटा कुलूपबंद करता येणार नाहीत. गुंतवणूकदाराला हे आजच सांगा. ऐकूनही तो माघारी फिरला नाही, तर पुढचे बोलू.

या क्षेत्राचा इतिहासही थोडा पाहण्यासारखा आहे. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केले. २००७ मध्ये त्यांनीच एका सहकाऱ्यासह या डेटावर क्लाउडमेड ही कंपनी काढली. तिला गुंतवणूक मिळाली, ॲप बनवणाऱ्यांना तिने टाइल आणि मार्गशोध पुरवला, आणि २०१४ मध्ये छोट्या ग्राहकांसाठीची ही सेवा बंद केली. मॅपक्वेस्ट या अमेरिकी नकाशा-कंपनीने या डेटाच्या टाइल बरीच वर्षे मोफत दिल्या आणि २०१६ च्या जुलैत त्या थेट मिळणे थांबवले. सॅमसंगच्या पाठबळावर चालणाऱ्या मॅपझेन या नकाशा-सेवेने २०१८ च्या जानेवारीच्या सुरुवातीला बंद होत असल्याचे जाहीर केले आणि महिना सरताच सेवा थांबल्या. तिथे काम करणारी माणसे हुशार होती आणि तंत्रही उत्तम होते. मॅपझेनची वालहाला आणि पेलियस ही मार्गशोधाची व पत्ताशोधाची साधने आजही जगभर वापरात आहेत, कारण त्यांचा कोड खुला होता. बुडाली ती फक्त रोजची सेवा, कारण तिचे बिल भरणारा तिचा वापरकर्ता नव्हता. धन्याचे मन किंवा धंद्याची दिशा बदलली की अशी सेवा एका महिन्यात संपते. खुल्या डेटावरच्या सेवांची ही नाजूक जागा मला नेहमी अस्वस्थ करते.

तुमच्या ॲपशी अधिक जवळचे उदाहरण मॅप्स.मीचे आहे. ऑफलाइन नकाशांचे हे ॲप २०१४ मध्ये रशियाच्या मेल.रू समूहाने विकत घेतले, त्यानंतर ते पूर्ण मोफत झाले आणि कोडही खुला झाला. २०२० मध्ये समूहाने ते पुन्हा विकले. नव्या मालकाची दिशा न पटल्याने मूळ निर्मात्यांनी त्याच खुल्या कोडवरून ऑर्गॅनिक मॅप्स उभे केले. त्यात जाहिराती नाहीत, पाळत नाही, आणि ते देणग्यांवर चालते. म्हणजे देणग्यांवर ॲप चालूच शकत नाही, असे मी म्हणणार नाही. पण २०२५ मध्ये त्या प्रकल्पातील काही स्वयंसेवकांनी, निर्णय कोण घेतो आणि आलेल्या पैशाचा हिशेब कोणासमोर मांडला जातो या वादातून, कोमॅप्स नावाची वेगळी चूल मांडली. देणगी मागितली की देणारा मनाने भागीदार होतो, आणि भागीदाराला हिशेब लागतो. देणगीचे जे पैसे आज जमा होतात, त्यांचा हिशेब तुम्ही कुठे मांडत असल्याचे तुमच्या पत्रात दिसले नाही. बिलाचा दहावा हिस्सा देणगीतून निघतो हे वाईट नाही. बटण राहू द्या, पण शेजारी दर महिन्याचा जमाखर्च लिहा. आणि देणगीची आठवण ॲप उघडताच करून देऊ नका. चालणे संपवून, नोंद जतन करून माणूस बूट सोडत बसलेला असतो, तेव्हा करून द्या. त्या क्षणी त्याला तुमची किंमत कळलेली असते.

जाहिरातींविषयी थोडक्यात सांगतो. ज्या ॲपकडे लोक टक लावून बसतात, तिथे जाहिरात पिकते. तुमचे ॲप जितके चांगले, तितका फोन खिशात राहतो. तुमचा वापरकर्ता फाट्यावर क्षणभर पडदा पाहतो आणि पुन्हा वाटेला लागतो. अशा ॲपला जाहिरातीतून पैसे मिळवायचे तर एकतर त्याला वारंवार पडद्याकडे पाहायला लावावे लागेल, नाहीतर तो कुठे असतो ही माहिती विकावी लागेल. पहिल्याने ॲप बिघडते आणि दुसऱ्याने विश्वास जातो. मी हा पर्याय सोडून देईन.

राहिली विक्री. सर्वसाधारण नकाशाला सामान्य माणूस पैसे देत नाही, हे आधी मान्य करावे लागेल. जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या नकाशांनी त्याच्या मनात नकाशाचा भाव शून्य ठरवून ठेवला आहे. त्याच नकाशाचे पैसे व्यावसायिकांना मोजावे लागतात. गूगलने २०१२ मध्ये आपल्या नकाशांच्या मोफत वापरावर मर्यादा घातल्या आणि त्याच वर्षी ठिकाणे सुचवणारी फोरस्क्वेअरसारखी सेवा ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटाकडे वळली. पण ग्राहकाला ही किंमत दिसत नाही. त्यामुळे तुम्ही नकाशा विकायला निघालात तर हराल. ग्राहक पैसे देतो ते एखाद्या विशिष्ट अडचणीतून सुटण्यासाठी. नेटवर्क नसताना वाट चुकू नये, सायकलने जाताना खडी आणि डांबर यांतला फरक आधी कळावा, चाकाच्या खुर्चीवरून जाताना पायऱ्या आडव्या येऊ नयेत, या त्या अडचणी. ऑस्मअँड या ऑफलाइन नकाशांच्या ॲपने मोफत आवृत्तीत नकाशे उतरवण्याच्या संख्येवर मर्यादा ठेवली आणि त्यापलीकडे किंमत लावली. कोमूट या भटकंतीच्या ॲपने पहिला प्रदेश मोफत देऊन पुढचे प्रदेश एकरकमी विकले आणि त्यावर बरीच वर्षे मोठी सेवा चालवली. २०२५ मध्ये ती कंपनी विकली गेली आणि बऱ्याच कर्मचाऱ्यांना जावे लागले, तेव्हा ‘कायमचे’ म्हणून प्रदेश घेतलेल्या लोकांना पहिल्यांदा प्रश्न पडला की हे कायमचे म्हणजे कोणाच्या जिवावर.

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर तुमच्या बिलातच आहे. ज्या गोष्टीचा खर्च तुम्हाला एकदाच येतो, तिचे पैसे एकदाच घ्या; ज्या गोष्टीचा खर्च दर महिन्याला येतो, तिची वर्गणी घ्या. उतरवलेला नकाशा हा जवळजवळ एकदाचा खर्च आहे, म्हणून एक प्रदेश मोफत आणि पुढचे प्रदेश एकरकमी किमतीला द्यावेत. निरनिराळ्या यंत्रांवर नोंदी जुळवून ठेवणे, वेबवर बसून मार्ग आखणे, हवामानाचा थर, महिन्याला ताजा होणारा नकाशा यांचा खर्च थांबत नाही, म्हणून ते वार्षिक वर्गणीत जावे. उलटे केलेत तर दोन्हीकडून फसाल. न थांबणारा खर्च एकरकमी किमतीवर पेलायचा म्हणजे जुन्या ग्राहकाचे बिल दरवर्षी नव्या ग्राहकाने भरायचे, आणि नवे ग्राहक येणे कधीतरी मंदावतेच. एकदाच्या खर्चावर वर्गणी लावली, तर लोक चिडतात आणि त्यांचे चुकत नाही.

किंमत ठरवताना असे करा. सुधारलेले बिल घ्या, त्यात तुम्हा दोघांपैकी एकाचा निदान अर्धा पगार मिळवा (तुमचे श्रम फुकट धरून केलेला हिशेब खोटा असतो), आणि चाळीस हजारांपैकी शंभरात दोन लोक पैसे देतील असे धरून आठशेने भागा. वर्गणीची रक्कम वर्षाची असेल, तेव्हा बिल आणि पगारही वर्षाचेच धरा. ॲप-दुकानांचा वाटा विसरू नका. तो ३० टक्के आहे असे अजूनही सगळे म्हणतात, पण ॲपल आणि गूगल या दोघांनीही २०२१ मध्ये छोट्या विकसकांसाठी तो १५ टक्क्यांवर आणला. त्यासाठी मात्र दोघांकडेही नोंदणी करावी लागते. आलेला आकडा तुम्हाला स्वतःला द्यावासा वाटला तर पुढे जा. डोळे विस्फारण्याइतका मोठा आला, तर समजा की अजून खर्चच कमी करायचा आहे.

एक पथ्य मात्र पाळा. आज जे मोफत मिळते ते जुन्या वापरकर्त्यांकडून काढून घेऊ नका. त्यांनी आधीच उतरवलेले प्रदेश त्यांचेच राहू द्या आणि नवी किंमत नव्या गोष्टींना लावा. रागावलेली चारशे माणसे शांत चाळीस हजारांपेक्षा जास्त ऐकू येतात, आणि ॲप-दुकानात एका ताऱ्याचे शेरे तीच लिहितात.

गिर्यारोहण संस्था, बचाव पथके, सहली नेणाऱ्या कंपन्या यांच्याकडून काही काम मिळत असेल तर जरूर घ्या. एका संस्थेसाठी खास नकाशा बनवून देण्याचे पैसे अनेकदा शंभर वर्गण्यांइतके असतात, आणि जर्मनीतील जिओफाब्रिक ही छोटी कंपनी २००७ पासून याच डेटाभोवती सेवा आणि सल्ला देत टिकून आहे. पण त्या कामाला आठवड्याचा एक ठरावीक दिवस द्या. संस्थांचे काम हळूहळू सगळा आठवडा व्यापते आणि सामान्य वापरकर्त्याचे ॲप पोरके होते.

‘पैसे कसले मागता’ याचे उत्तर ॲपमध्ये चार वाक्यांत लिहा. मी असे लिहीन : ‘हा डेटा स्वयंसेवकांनी गोळा केला आहे आणि तो आजही कोणालाही मोफत मिळतो. तो तुमच्या फोनवर वाचता येईल असा मांडणे, ताजा ठेवणे आणि तुमच्यापर्यंत पोहोचवणे यासाठी आम्हाला दर महिन्याला इतका खर्च येतो. तुम्ही कळवलेली प्रत्येक चूक आम्ही मूळ नकाशात दुरुस्त करतो, म्हणजे ती सगळ्यांसाठी दुरुस्त होते. तुमच्या वर्गणीतील इतका भाग ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनला जातो.’ यातली शेवटची दोन वाक्ये खरी असतील तरच लिहा. लोकांनी कळवलेल्या चुकांच्या नोंदी तुमच्याच यादीत पडून असतील, तर तिथूनच सुरुवात करा. त्या आधी मूळ नकाशात नेऊन पोहोचवा. स्वयंसेवकांमधला तुमच्याविषयीचा अर्धा राग तिथेच निवळेल, आणि त्या वाटा सुधारल्या की तुमचाच नकाशा सुधारेल.

कोपऱ्यातील श्रेयाची ओळ काढता येणार नाही, ना मोफत आवृत्तीत ना पैसे घेऊन. ती परवान्याची अट आहे. डिझाइनला ती खुपत असेल तर तिचा टाइप नीट निवडा.